रंकाळ्याचं पाणी जेलीसारखं दिसतंय, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर एक छोटं कलादालन. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळं उभं केलंय, इमारत चांगली दिसतेय, पण पाणी "जेली ओतल्यासारखं" दिसतंय. आयओआर (वक्रीभवनांक) १.३३३ टाकून झाला, लाटा तयार करणारा ओशन मॉडिफायर लावून झाला, चार ट्युटोरियल बघून झाली. लॅपटॉपमध्ये ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, सबमिशन आठवड्यावर, आणि मागणी एकच: पाण्याच्या सेटिंग्ज द्या.

देतो. पण तुम्ही टाकलेलं चित्र बघून आधी एक सांगतो. तुमचं मटेरियल जवळपास बरोबर आहे, त्यात आणखी डोकं घालू नका. घोळ दोन ठिकाणी आहे. तरंगांचं माप चुकलंय, आणि पाण्यात दिसावं असं आजूबाजूला तुम्ही काही ठेवलेलंच नाही. मी कोल्हापुरात पंधराएक वर्षं बिल्डर आणि रिसॉर्टवाल्यांची थ्रीडी चित्रं करतोय. पाण्याचे जेवढे फसलेले रेंडर माझ्याकडे दुरुस्तीला आले, माझे स्वतःचे धरून, त्यातले बहुतेक याच दोन कारणांनी फसले होते. मटेरियलमुळे फसलेले फार थोडे.

बाकी बरंच काही परिस्थितीवर आहे. कुठलं पाणी, कुठल्या महिन्यातलं, किती उंचीवरून बघताय, चित्र स्थिर की हलतं. तुमचा कॅमेरा पायरीवर उभ्या माणसाच्या उंचीला आहे, वेळ संध्याकाळची आहे आणि एकच स्थिरचित्र हवंय असं धरून पुढचं लिहितोय. जिथं उत्तर बदलेल तिथं तसं सांगेन.

उद्या सकाळी सातच्या आत रंकाळ्यावर जा. पाण्याला टेकलेल्या पायरीवर उभे राहा आणि नजर पायापासून हळूहळू पलीकडच्या काठापर्यंत न्या. पायाजवळ पाण्याखालची पायरी दिसेल, तिच्यावरचं शेवाळ दिसेल, फटीत अडकलेलं निर्माल्यातलं झेंडूचं फूल दिसेल. चार पावलांवर पायरी गडप होते आणि नुसतं हिरवट काळपट पाणी उरतं. त्याच्या पुढं आभाळ मिसळायला लागतं, आणि अजून पुढं गेलात की पाणी असं काही राहतच नाही. झाडं, घरं, ढग, सगळं उलटं लटकलेलं. एकच तळं, एकाच क्षणी, आणि तीन वेगळे पदार्थ असल्यासारखं.

याला आकडेही आहेत. डोळे पाण्यापासून १.६ मीटर उंच धरले, तर २ मीटर अंतरावरचं पाणी जेमतेम साडेतीन टक्के प्रकाश परत फेकतं. १० मीटरवरचं साधारण ३८ टक्के. ३० मीटरवरचं ७० टक्क्यांच्या वर. सरळ खाली बघितलं तर फक्त २ टक्के, म्हणून ड्रोनच्या फोटोत तलाव हिरवागार दिसतो आणि काठावरून तोच रुपेरी. हे सपाट पाण्याचे आकडे आहेत, तरंग उठले की लांबचे आकडे थोडे खाली येतात. हे गणित आयओआर दिला की ब्लेंडर स्वतःच करतो. म्हणजे तुमच्या चित्रात पाण्याचा मोठा भाग निव्वळ आरसा आहे आणि त्या आरशासमोर तुम्ही एक रिकामं, राखाडी आभाळ धरलंय. मग तो जेली दाखवणार नाही तर काय दाखवणार?

आरशाकडे नंतर येतो. आधी माप, कारण ते दहा मिनिटांत सुटतं.

तरंगांसाठी लावलेल्या नॉइज टेक्स्चरला (वेड्यावाकड्या नक्षीला) तुम्ही कोऑर्डिनेट कुठलं दिलंय ते बघा. काहीच जोडलं नसेल तर ब्लेंडर 'जनरेटेड' धरतो. त्यात संपूर्ण प्लेन (पाण्याचा सपाट पृष्ठभाग), मग ते कितीही मोठं असो, ० ते १ मध्ये बसवलं जातं. तुमचं प्लेन समजा ३०० मीटरचं आहे आणि नॉइजचा स्केल ५ आहे. एकेक तरंग ६० मीटर लांबीचा झाला! प्लेन चौरस नसेल तर वर तो एका बाजूला ताणलाही जातो. असल्या रुंद, गुळगुळीत फुगवट्यांवर प्रकाश पसरतो, आणि डोळ्याला ते थरथरणारं जेलीचं ताट वाटतं. चित्रातली झाडं, माणसं, पायऱ्या खऱ्या मापाच्या आणि पाणी तेवढं राक्षसी मापाचं. मग इमारतही खेळण्यातली दिसायला लागते आणि दोष इमारतीच्या मटेरियलला दिला जातो.

उपाय साधा आहे. टेक्स्चर कोऑर्डिनेटमधून 'ऑब्जेक्ट' जोडा आणि प्लेनचा स्केल कंट्रोल-ए करून लावून टाका. आता नॉइजचा स्केल मीटरच्या हिशेबात आला: स्केल ५ म्हणजे साधारण २० सेंटीमीटरचा तरंग, स्केल १ म्हणजे मीटरभराचा. रंकाळ्यासारख्या तलावावर साध्या झुळकीत जे दिसतं ते बोटाच्या पेरापासून हातभर लांबीपर्यंतचं. वाऱ्याला धावायला समुद्रासारखी शेकडो किलोमीटर जागा नसते, त्यामुळं लाट मोठी व्हायच्या आत काठ येतो.

तरंग किती उंच ठेवायचा? मी लांबीच्या विसाव्या भागापासून सुरुवात करतो. २० सेंटीमीटरच्या तरंगाला १ सेंटीमीटर उंची, ही चांगली झुळूक झाली. शांत सकाळ हवी असेल तर चाळिसावा भाग. सातव्या भागाच्या पुढं गेलं की खऱ्या पाण्यात लाट फुटते, त्यामुळं तिकडं फिरकूच नका. बंप नोड पृष्ठभाग खरा न हलवता उंचसखलपणाचा भास देतो. त्यातला 'डिस्टन्स' हा मीटरमधला आकडा असतो. तो १ वर असेल तर तुम्ही वीतभर तरंगाला मीटरभर उंचीच्या जवळपास नेताय, आणि मग घाबरून 'स्ट्रेंग्थ' ०.०२ करताय. डिस्टन्स ०.०१ ते ०.०१५ ठेवा, स्ट्रेंग्थ १ ठेवा. नॉइजचं मूल्य पूर्ण ० ते १ फिरत नाही, मधेच घुटमळतं, म्हणून हिशेबापेक्षा किंचित जास्त लागतं.

ओशन मॉडिफायरबद्दल विचारलंय म्हणून. तो चांगला आहे, पण नावाप्रमाणे समुद्रासाठी आहे. त्याच्या मूळ किमती जशाच्या तशा ठेवल्या तर वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर असतो, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर, आणि खोली २०० मीटर. रंकाळ्यावर तसलं वारं सुटलं तर पाण्याच्या आधी चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्या उडतील. किमती कमी करून तो तलावावर वापरता येतो, पण तुमच्या कार्डावर त्याची गरज नाही. माणसाच्या उंचीवरून बघताना तलावाचे तरंग नुसत्या बंपनं भागतात. डिस्प्लेसमेंट, अॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन वगैरे सगळं बंद करा, मेमरी वाचेल.

आता जी गोष्ट मला ट्युटोरियलमध्ये क्वचितच दिसते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडते. तलावावर तरंग सगळीकडं सारखे कधीच नसतात. वारं पाण्यावर टेकतं तिथं पाण्याला शहारा येतो, आणि शेजारच्याच पट्ट्यात पाणी तेलासारखं शांत असतं. लांबून बघितलं की तलावावर गडद आणि फिकट असे आडवे ओढलेले पट्टे दिसतात. शांत पट्ट्यात समोरच्या काठाचं स्वच्छ प्रतिबिंब, शहारलेल्या पट्ट्यात वरच्या आभाळाचा रंग. हे पट्टे नसले की डोळा लगेच ओळखतो की हे कापड अंथरलंय.

ते करायला दुसरा एक नॉइज घ्या, खूप मोठा, ३० ते ६० मीटरच्या ठिपक्यांचा. मॅपिंग नोडनं तो वाऱ्याच्या दिशेला तिप्पट-चौपट ताणा. कलर रॅम्पनं त्याच्या कडा थोड्या घट्ट करा आणि तो बारीक तरंगांच्या बंप स्ट्रेंग्थला जोडा, ०.१५ ते १ च्या दरम्यान फिरेल असा. एवढंच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी बराच वेळ नुसता व्ह्यूपोर्ट फिरवत बसलो होतो. बारीक तरंगही वाऱ्याला आडवे थोडे लांबट करा, कारण गोल गोल नॉइज म्हणजे पुन्हा जेली.

लांबच्या पाण्याची एक वेगळीच कटकट आहे. जवळचा तरंग पडद्यावर वीस पिक्सेल व्यापतो, पण शंभर मीटरवर एका पिक्सेलमध्ये वीस तरंग येतात. बंपची तिथं सरासरी होते आणि पाणी पुन्हा सपाट आरसा होतं. म्हणून पुष्कळ रेंडरमध्ये जवळ लहरी आणि लांब काच असं विचित्र दिसतं. खऱ्या पाण्यात लांबच्या तरंगांच्या आपल्याकडं कललेल्या बाजूच जास्त दिसतात. त्या क्षितिजाजवळचं आभाळ दाखवत नाहीत, वरचं दाखवतात, म्हणून खरं पाणी समोरच्या आभाळापेक्षा जरा गडद असतं. कॅमेरा डेटा नोडमधलं 'व्ह्यू डिस्टन्स' घ्या, मॅप रेंजनं १० मीटरला रफनेस (खडबडीतपणा) जवळजवळ शून्य आणि १५०-२०० मीटरला ०.२५ ते ०.३ करा. आकडा मोठा वाटेल, पण ब्लेंडर आतमध्ये रफनेसचा वर्ग करून वापरतो. ०.०५ रफनेस टाकून "थोडा खडबडीतपणा दिला" असं समाधान मानणारे पुष्कळ आहेत. ते ०.००२५ झालं, म्हणजे आरसाच. आणि हा ०.३ हवेतून काढलेला नाही. कॉक्स आणि मंक या दोन शास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विमानातून काढलेल्या समुद्राच्या फोटोंतल्या सूर्याच्या चकाकीवरून लाटांचा उतार मोजला होता. सेकंदाला ३ मीटरच्या मंद वाऱ्यात त्यांच्या सूत्रानं सरासरी उतार साडेसात-आठ अंशांचा येतो. तो रफनेसमध्ये बसवला तर ०.३७ च्या आसपास जातो. तलावाला त्याहून कमीच धरायचा.

इथपर्यंत थोडक्यात: कोऑर्डिनेट ऑब्जेक्टचे, तरंग वीतभराचे, उंची लांबीच्या विसाव्या भागाची, वाऱ्याचे पट्टे, आणि अंतराबरोबर वाढणारा रफनेस. एवढ्यानं जेली गेली असेल. पाणी मात्र अजून आलेलं नाही.

कारण आता आरशासमोर काय ठेवायचं हा प्रश्न. तुम्ही फुकट मिळणारं कुठलंतरी एचडीआरआय (दृश्याभोवती गुंडाळायचं चौफेर चित्र) लावलंय, युरोपातल्या कुरणाचं दिसतंय. त्यातली झाडं रेंडरच्या दृष्टीनं अनंत अंतरावर असतात. ती पाण्यात उमटतात, पण तुमच्या काठाशी जुळत नाहीत. काठ आणि प्रतिबिंब यांच्यात एक फिकट फट राहते. ती फट बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकते. एचडीआरआय फक्त आभाळासाठी ठेवा. पलीकडचा काठ तुम्हालाच उभा करावा लागेल.

तो बनवायला मॉडेलिंग लागत नाही. सकाळी जाणारच आहात तर मोबाइलवर पलीकडच्या काठाचे फोटो काढा, झाडांची रांग, इमारती, शालिनी पॅलेसचा मनोरा येत असेल तर तो. आभाळ कापून टाका, पाच-सहा उभ्या प्लेनवर चिकटवा आणि खऱ्या अंतरावर, नेमके पाण्याच्या पातळीपासून वर उभे करा. मागंपुढं ठेवा, एका रेषेत नको. त्यांचे बुंधे पाण्यात किंचित बुडू द्या. मग त्यांचं प्रतिबिंब काठाला चिकटून उतरेल आणि तुमच्या पाण्यात तो गडद आडवा पट्टा येईल ज्याशिवाय तलाव तलाव दिसत नाही. तलावातला दगडी संध्यामठ चौकटीत येणार असेल तर तो मात्र नीट मॉडेल करा, आणि कुठला महिना दाखवताय ते ठरवून. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. परीक्षक कोल्हापूरचे असतील तर पहिली नजर तिथंच जाईल.

तुमच्या कलादालनाचंही एक बघा. पाण्यातलं प्रतिबिंब इमारतीला खालून बघतं. पुढं आलेल्या स्लॅबची खालची बाजू, गॅलरीचं छत, जे कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून तुम्ही बनवलंच नसेल, ते पाण्यात दिसतं. मी एकदा पूर्ण गच्ची खालून उघडी ठेवून रेंडर देऊन बसलो होतो. प्रतिबिंबात खोल्यांमधून आभाळ दिसत होतं. क्लायंटच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या सातवीतल्या मुलीच्या आलं.

कोटितीर्थ तलावाच्या काठाची चित्रं करणाऱ्या चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून आजतागायत या गावात पाण्याकाठी बसून चित्र काढणाऱ्यांची कमी नाही. पंचगंगा घाटावर रविवारी जलरंग घेऊन बसलेल्या एखाद्याच्या मागं अर्धा तास उभे राहा. पांढरं देऊळ पाण्यात उतरवताना तो जरा मळकं करतो, झाडाखालची काळी सावली पाण्यात जरा उजळ करतो. त्याला कारण आहे. पाणी सगळा प्रकाश परत देत नाही, आणि गढूळ पाण्याचा स्वतःचा थोडा उजेड त्यात मिसळतो. तुमच्या रेंडरमध्ये प्रतिबिंब मूळ इमारतीइतकंच लख्ख आणि काळं येत असेल तर पाण्याचा स्वतःचा रंग हरवलाय असं समजा.

तर रंग. शुद्ध पाणी लाल प्रकाश गिळतं, पण सावकाश. लाल प्रकाश निम्मा व्हायला साधारण २ मीटर पाणी लागतं. म्हणून बादलीतलं पाणी बिनरंगी आणि खोल, स्वच्छ समुद्र निळा. रंकाळ्यात ना तेवढी खोली दिसते, ना तो स्वच्छपणा. तिथं शेवाळ आणि गाळ आहे. त्यामुळं ट्युटोरियलमधला निळा फेकून द्या. मी रंकाळ्याला हिरव्याकडं झुकलेला, मळकट आणि खूप गडद रंग देतो, व्हॅल्यू (उजळपणा) ०.०५ ते ०.१ च्या मध्ये. आधी वाटतं की फार काळं झालं, पण वरून आभाळ आलं की बरोबर बसतं.

६ जीबीवर व्हॉल्यूम ॲब्सॉर्प्शन (पाण्याच्या आत प्रकाश शोषला जाण्याचा हिशेब) लावू नका. गोंगाट येतो आणि रात्र जाते. खोटा तळ करा. पाण्याखाली पाऊण मीटरवर एक सपाट प्लेन, त्याला हा गढूळ रंग. पाण्याखालच्या पायऱ्यांच्या मटेरियलमध्ये पोझिशनचा झेड घेऊन, पातळीपासून खाली ६० सेंटीमीटरपर्यंत दगडाचा रंग हळूहळू त्याच गढूळ रंगात विरघळवा. पाण्याला ट्रान्समिशन १, म्हणजे पूर्ण पारदर्शक. आता पाण्याखालच्या पायऱ्या काळ्याठिक्कर येतील, कारण सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) पाण्यातून सरळ सावलीचा किरण जाऊ देत नाही. लाइट पाथमधलं 'इज शॅडो रे' घेऊन त्यानं ट्रान्सपरंट शेडर मिसळा. पायऱ्यांवर उजेड येईल. कॉस्टिकचा नाद सोडा, गढूळ पाण्याच्या तळावर ती नाचणारी जाळी फारशी दिसतच नाही.

पावसाळ्यातली पंचगंगा असती तर याहून सोपं होतं. जुलैतलं पाणी दुधाळ चहासारखं असतं, गाळ प्रकाश वरच्या वर परत फेकतो, बोटभर खालचंही दिसत नाही. ट्रान्समिशन शून्य, तपकिरी बेस कलर, आयओआर तोच. नदीकाठच्या कामात मी आधी विचारून घेतो की पाणी किती फुटांवर दाखवायचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि बिल्डरला नेमकं तेच चित्रात नको असतं.

आता काठ. यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण हा धडा मी लाज वाटेपर्यंत शिकलो. काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला एका रिसॉर्टचं काम होतं. तरंग ठीक, आभाळ ठीक, रंग ठीक, मी खूश. जमीन ज्यांची होती ते आजोबा मीटिंगला आले होते, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "पानी बरं हाय, पर हे आमचं न्हाई. आमच्यात गवात पान्याला शिवत न्हाई." मला आधी कळलंच नाही. त्यांनी हातानं दाखवलं, एवढा एवढा पट्टा. धरणाचं पाणी उतरत जातं तशी काठाला उघड्या मातीची रुंद पट्टी पडते, वर्षातले कित्येक महिने पाण्याखाली असल्यामुळं तिथं झाडझाडोरा टिकत नाही. तिच्यावर पाणी टप्प्याटप्प्यानं उतरल्याच्या बारीक आडव्या रेघा असतात. मी मात्र परदेशी ट्युटोरियलमधल्यासारखं हिरवंगार गवत पाण्यात उतरवलं होतं. ती पट्टी दिल्यावर त्याच पाण्याला, एकही सेटिंग न बदलता, धरणाचं पाणी असल्यासारखं रूप आलं.

रंकाळ्याच्या दगडी काठाला ती पट्टी नाही, पण ओलीची आहे. पाण्याच्या वर १० ते १५ सेंटीमीटर दगड ओला असतो, म्हणजे रंगानं निम्मा गडद आणि चकचकीत. त्याच्या वर जुन्या पातळीची एक फिकट, खारवल्यासारखी रेघ. हेही पोझिशनच्या झेडवरून मास्क करून येतं. मास्कच्या कडेला थोडा नॉइज द्या, फूटपट्टीनं मारल्यासारखी नको. पाण्याचं प्लेन काठापाशी थांबवू नका, दगडाच्या आतपर्यंत घुसवा. आणि मग कचरा. खरंच सांगतोय, कचरा टाका. काठाला साठलेली सुकी पानं, दोन-चार झेंडूची फुलं, कोपऱ्यात केंदाळाचा (जलपर्णीचा) एक पुंजका. केंदाळ फार पसरवलंत तर परीक्षक विषय बदलून महापालिकेवर बोलायला लागतील, म्हणून एकच पुंजका. या तरंगणाऱ्या गोष्टी पाण्याची पातळी कुठं आहे हे डोळ्याला दाखवून देतात. नाहीतर आरशाला पातळी नसते.

हलतं चित्र लागलं तर एवढं लक्षात ठेवा: नॉइजचा 'डब्ल्यू' (चौथं कोऑर्डिनेट) फिरवून पाणी हलवू नका, ते जागच्या जागी उकळल्यासारखं दिसतं. तरंगांचे दोन-तीन थर करा, वेगवेगळ्या लांबीचे, दिशा एकमेकांपासून वीस-तीस अंश वळवलेल्या, आणि प्रत्येक थर त्याच्या वेगानं सरकवा. लांब तरंग जलद पळतो. १० सेंटीमीटरचा तरंग सेकंदाला साधारण ४० सेंटीमीटर, १ मीटरचा सव्वा मीटर, ४ मीटरचा अडीच मीटर. सगळे एकाच वेगानं सरकवले की पाण्याचा सरकता जिना होतो.

शेवटचं, रेंडर करताना. डिनॉइजर (चित्रातला दाणेदारपणा काढणारं साधन) बारीक तरंग पुसून टाकतो आणि पाण्यावर मेण चढल्यासारखं दिसतं, अर्धी जेली तिथूनच परत येते. आल्बेडो आणि नॉर्मल पास (रंगाचा आणि पृष्ठभागाच्या दिशेचा थर) त्याला द्या आणि सॅम्पल थोडे वाढवा, तुमच्या कार्डावर ४००-५०० झेपतील. 'क्लॅम्प' (अति उजळ ठिपक्यांवरची मर्यादा) फार खाली आणू नका, मावळत्या सूर्याची जी उभी चमचमती पट्टी पाण्यावर पडते ती त्यातच कापली जाते. एवढं करून पुन्हा अडलात तर चित्राबरोबर तीन आकडे लिहा: कॅमेरा पाण्यापासून किती उंच, प्लेन किती मोठं, बंपचा डिस्टन्स किती. नुसतं चित्र बघून ते मला ओळखता येत नाहीत.